शेकलेली बोटं

पौष लागला की सुप्याच्या जंगलपट्ट्यातल्या बाजारकुणंगच्या वरच्या अंगाच्या त्या चौदा घरांच्या वाडीत ऊन दहाशिवाय उतरत नसे. धुकं असं बसायचं की समोरच्या माणसाचं नाक दिसावं आणि कान दिसू नयेत. झाडांवरून दव टपाटपा गळायचं. रात्री दांडीवर टाकलेलं लुगडं सकाळी पिळून घ्यावं लागायचं. आणि अशा सकाळी सगळी वाडी काय करायची, तर शेकोटीत पाय घालून बसायची. शेकोटीजवळ नव्हे, शेकोटीत. टाचा निखाऱ्याला टेकतील इतके आत.

येसाजी आपल्या पडवीतून ते बघायचा आणि विडीचा धूर नाकातून सोडायचा. "भाजा," तो स्वतःशीच म्हणायचा. "रताळी भाजत्यात तशी भाजा. वरनं मीठ लावून खावा."

येसाजीला पलटणीतून परत येऊन चार वर्षं झाली होती. अठ्ठेचाळीस साली तो काश्मीरच्या डोंगरात होता आणि डाव्या पायाची दोन बोटं तिकडंच ठेवून, पुढची वर्षं पलटणीच्या कोठारात काढून आला होता. गोळी लागून बोटं गेली, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होतं. लोक त्याला हवालदार म्हणत. तो हवालदार कधीच नव्हता, साधा शिपाई होता. पण ज्यांना हवालदार आणि शिपाई यांतला फरक कळत नाही त्यांना तो सांगत बसणं येसाजीच्या स्वभावात नव्हतं. वाडीला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्याचं ठाम मत होतं. तो राहायचा थोरल्या भावाच्या घरात. भाऊ वारलेला. घर चालवायची भावजय रुक्मिणी, आणि रुक्मिणीचं तोंड भाताच्या गिरणीसारखं. एकदा पट्टा चढला की कोंडा उडालाच. तिचा मुलगा परशू म्हणजे आईनं 'बस' म्हटलं की बसणारा आणि 'ऊठ' म्हटलं की कुठल्या पायावर उठू विचारणारा. परशूची बायको फुला दोन वर्षांमागं रामनगरहून लग्न होऊन आली होती. काडीसारखी पोरगी, भर वैशाखातसुद्धा हात गार. येसाजीनं तिच्याकडं एकदाच नीट बघितलं आणि सोडून दिलं. चार दिवसांत हीही यांच्यातलीच होणार.

सत्तावन्न सालच्या त्या पौषात रुक्मिणीनं झऱ्याखालच्या दोन वाफ्यांत वायंगण करायचं ठरवलं. वायंगण म्हणजे झऱ्याच्या पाण्यावर थंडीत घेतलेलं दुसरं भात. परशूला नऊच्या आत जंगलात लाकूडतोडीवर जायचं असे, म्हणून तो अंधार फिटायच्या आत बैल घालून चिखल करी, आणि त्याच्या मागोमाग सासूसून लावणीला उतरत. झऱ्याचं पाणी असं गार की बैलही पाय उचलून धरत. रुक्मिणीचे पाय तीस वर्षांच्या चिखलानं चामड्यासारखे झालेले. तिला काही नाही. फुला दोन-अडीच तास वाकून बाहेर आली की तिचे हात-पाय पांढरे फटक पडलेले असत. ती तशीच ओल्या लुगड्यानं घरात धावायची आणि चुलीच्या तोंडाशी हात धरायची.

आठवड्याभरात तिची बोटं सुजली. आधी लाल, मग जांभळट, पिकल्या करवंदासारखी. पायाच्या करंगळ्या, हाताची मधली बोटं, एका कानाची पाळीसुद्धा. दिवसा खाज, रात्री आग. ती भांडी घासताना मधेच थांबायची आणि बोटं दातांत धरायची.

"शेक दे, शेक," रुक्मिणी म्हणाली. "गारठा हाडात शिरलाय. विस्तव दाकवल्याबिगर न्हाई निगायचा."

फुलानं शेक दिला. आग दुप्पट झाली. रुक्मिणीनं जास्त शेक द्यायला लावला.

येसाजी पडवीत बसून वहाणेचा पट्टा शिवत होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, "वैनी, चुलीत लाकडं कमी पडत असली तर तिची बोटंच सारा की आत."

"तुमाला काय ठावं हो भावजी, बायकांच्या कामातलं?" रुक्मिणी म्हणाली.

"मला काय ठावं असणार," येसाजी म्हणाला आणि दोरा दातानं तोडला.

त्याला सगळं ठाऊक होतं. पलटणीच्या डॉक्टरनं एका तंबूत पंचवीस जणांना उभं करून हेच शिकवलं होतं. पण विचारलं कोणी होतं? आणि विचारलं असतं तरी त्या चुलीपुढच्या शहाणीला कळणार काय होतं? करा म्हणावं काय करायचं ते. असल्या घरात बोटं राहिली काय आणि गेली काय.

शेकानं भागेना तेव्हा रुक्मिणीनं बिब्बा काढला. पावसाळ्यात पायाला चिखल्या झाल्या की वाडीत बिब्ब्याचं तेल लावत. ते कातडी जाळतं, आणि जळालं म्हणजे औषध लागू पडलं असं समजत. सुजलेल्या बोटांवर तिनं गरम सुईनं बिब्बा टेकवला. फुला किंचाळली, ते परड्यात येसाजीला ऐकू आलं. त्यानं कोयता उचलला आणि बांबू तोडायला निघून गेला. जाताना मनात म्हणाला, जळो हे घर.

चार दिवसांनी फोड फुटले. दोन बोटांना जखमा झाल्या, त्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मग वाडीला एकदम दिसायला लागलं. पाणवठ्यावर बायका फुलाच्या कळशीपासून आपली कळशी लांब सरकवू लागल्या. शेजारच्या पारूनं तिच्या हातचं ताक नको म्हटलं, तेही 'पोटात गुबारा धरलाय' असलं काहीतरी सांगून. शेवटी रुक्मिणी झिलू गावकाराकडं गेली. झिलू वाडीचा जाणता म्हातारा. झाडपाल्याची औषधं द्यायचा आणि वाडीत कोणाचं काय करायचं हे त्याच्या ओसरीवर ठरायचं. तो आला, दहा हातांवर उभा राहिला, फुलाच्या बोटांकडं आणि लाल कानाकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"थोर रोग हाय," एवढंच तो म्हणाला आणि मागं वळला.

थोर रोग म्हणजे महारोग. त्या शब्दापुढं वाडीत कोणी प्रश्न विचारत नसे. त्याच संध्याकाळी फुलाचं ताट वेगळं झालं, अंथरूण शेळ्यांच्या गोठ्यात गेलं. गोठ्याची एक भिंत कुडाची, तीही फाटलेली. दव सरळ आत यायचं. परशू दारात उभा राहून बायकोकडं बघत होता.

"परशा," येसाजी म्हणाला, "बायकू हाय तुजी. शेळी न्हवं."

"आई म्हणती चार दीस तरी..." परशू म्हणाला.

"आई म्हणती," येसाजी म्हणाला. "आईनं शेण खा म्हटलं तर ताटात घिऊ का वाटीत, येवढंच इचारशील तू."

परशूनं मान खाली घातली. येसाजीला वाटलं, एवढं बोललो ते पुष्कळ झालं. तो आपल्या पडवीत जाऊन बसला. त्याला बरं वाटत नव्हतं. पण बरं न वाटण्याचं कारणही त्यानं त्या घराच्याच माथी मारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रुक्मिणी रानात गेलेली असताना, फुला गोठ्यातून बाहेर आली आणि पडवीच्या पायरीपासून चार हातांवर उभी राहिली. आता ती स्वतःच अंतर ठेवायला शिकली होती.

"मामंजी, येक इचारू?"

येसाजीनं विडी विझवली.

"मी धा दीस ध्यान दिऊन बगितलं," फुला म्हणाली. "सकाळी चिखलात असती तवा बोटं बधिर हुत्यात, दुकत न्हाईत. घरात यिऊन चुलीम्होरं हात धरला की घडीभरात आग. ज्या दिवशी सर्पण ओलं हुतं आन् चूल पेटलीच न्हाई, त्या दिवशी आग कमी. काल गोठ्यात इस्तव न्हवता. गारठ्यानं कुडकुडली, पर खाज निम्मीच. म्हंजे हे गारठ्याचं न्हवं आन् इस्तवाचंबी न्हवं. गारठ्यावरनं येकदम इस्तवाकडं जायाचं हाय. व्हय का न्हाई?"

येसाजी तिच्याकडं बघत राहिला. चार वर्षांत या वाडीत कोणी डोळे उघडे ठेवून काही बघितलंय असं त्याला पहिल्यांदा दिसत होतं. आणि तेही त्यानं काडी म्हणून सोडून दिलेल्या पोरीत.

"बस," तो म्हणाला. "इथं बस, पायरीवर. लांब नको."

मग त्यानं सांगितलं. घाईघाईनं, अडखळत, कारण समजावून सांगायची त्याला सवय राहिली नव्हती. "झऱ्याच्या पाटाला आपण फळी लावतो का न्हाई? पाणी अडतं. तसं गारठ्यात, आन् त्यातनं वल्या गारठ्यात, अंगातल्या बारीक शिरा मिटून घेत्यात. बोटाकडं रगात जायाचं कमी हुतं. आता ती फळी हळू हळू काढलीस तर पाणी बेतानं जातं. आन् येकदम वडून काढलीस तर?"

"बांध फुटतो," फुला म्हणाली.

"तेच. इस्तवाम्होरं बोट धरलं की शिरा येकदम उघडत्यात, रगात भसकन येतं, आन् आजूबाजूला झिरपतं. ती सूज. ती आग. काहींना हुतं, काहींना न्हाई. ज्यांचं हात-पाय जात्याच गार, तुज्यागत, त्यांना लवकर. पलटणीचा डॉक्टर त्याला चिलब्लेन म्हणायचा. महारोग न्हवं, का फिहारोग न्हवं. कोरडं ऱ्हायाचं. वल्यातनं आलं की आदी पुसायचं, कोरडं नेसायचं, अंग झाकायचं. अंगाच्या उबंनं बोटं आपसूक उमलू द्यायची. शेक न्हाई, खाजवायचं न्हाई, घट्ट काय बांधायचं न्हाई. पंधरा-ईस दिवसांत आपणच जातं. तुज्या जखमा त्या बिब्ब्याच्या."

येसाजीला वाटलं, आता ती पाया पडेल.

"तुमाला हे आदीपास्नं ठावं हुतं," ती म्हणाली.

"व्हय की."

"बिब्बा लावला त्या दिवशीबी?"

येसाजीनं विझलेली विडी पुन्हा उचलली.

"मी वरडली ते ऐकू आलं न्हवं तुमाला? तुमी परड्यात हुतासा." तिचा आवाज चढला नव्हता. "अत्तीला ठावं न्हवतं म्हणून तिनं जाळलं. तुमाला ठावं हुतं आन् तुमी गंमत बघत बसलासा. मंग त्या बायीपरीस तुमी शाणं कसं?"

ती उठली आणि गोठ्यात गेली. रुक्मिणीनं आयुष्यभर त्याला जे बोलून घेतलं होतं ते सगळं येसाजीला कधी लागलं नव्हतं. कारण बोलणारीची त्याच्या लेखी किंमत नव्हती. हिची आता होती, आणि ती झाली त्याच घटकेला तिनं त्याला पायपुसण्यासारखं झटकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिलूच्या ओसरीवर माणसं जमली. फुलाला परशूनं रामनगरला माहेरी नेऊन सोडायचं, आणि परत आणायची नाही, हे रुक्मिणीनं ठरवूनच आणलं होतं. वाडीनं फक्त मान डोलवायची होती. फुला अंगणाच्या कडेला उभी. मधे शेकोटी, आणि तिच्यात नेहमीप्रमाणं बारा-पंधरा पाय.

येसाजी लंगडत आला. त्यानं ओसरीवरची ती तोंडं एकदा बघून घेतली. यांना सांगायचं? यांना? पण सांगितलं. आणि जसं सांगायला नको होतं तसंच सांगितलं.

"अकलेच्या कांद्यांनो," तो म्हणाला, "हा महारोग न्हवं. गारठ्यातनं येऊन इस्तवात हात घातल्यावर हे हुणारच. तुमच्या शेळ्यांनाबी हे कळंल."

शेकोटीभोवती हशा पिकला.

"हवालदार," झिलूचा पुतण्या अर्जुन म्हणाला, "तुमाला गोळीचं ठावं. गारठ्याचं काय ठावं? आमी जलमापास्नं शेकतोय. आमची बोटं हायत की जाग्यावर. तुमचीच दोन कमी हायत."

आणखी हशा. रुक्मिणी पदर तोंडाला लावून हसली. येसाजीच्या मनात आलं की सरळ वळावं आणि जावं. मरा म्हणावं. त्यानं वळण्यासाठी पाऊलही उचललं, आणि समोर फुला होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिनं त्याला कधीच हिशेबातून काढून टाकलं होतं. तो आता जाणार, हे तिला ठाऊक होतं.

येसाजी खाली बसला. डाव्या पायातली वहाण काढली, मग मोजा काढला. चार वर्षांत तो पाय त्यानं उघडा कोणाला दाखवला नव्हता.

"बगा," तो म्हणाला. "गोळी लागली असती तर हाड फुटलं असतं. हितं कुटं फुटल्याली खूण हाय? ही डॉक्टरनं कापल्यात. कात्रीनं."

माणसं पुढं वाकली.

"डोंगरावर चौकी हुती. कमरेयेवढा बर्फ. बूट वलं, मोजं वलं. आमाला सांगून ठेवलं हुतं, पाय बधिर झालं तर इस्तवाकडं न्यायाचं न्हाई, घोंगडीत घालायचं, दुसऱ्याच्या पोटाला लावायचं. मला वाटलं, ह्या डॉक्टराला काय कळतंय? मी सुप्याच्या रानातला, जलमापास्नं शेकतोय." त्यानं अर्जुनकडं बघितलं. "पत्र्याच्या डब्यात इस्तव केला आन् त्यात पाय घातलं. पाय बधिर हुतं, भाजल्यालंबी कळलं न्हाई. सकाळी बोटं काळी. लढाईत न्हवं, झोपडीत गेली. गोळी म्या घरी यिऊन मारली. तुमच्या तोंडावर."

त्यानं वहाण बाजूला सारली.

"हवालदारबी न्हाई मी," तो म्हणाला. आता सांगायचंच तर सगळंच. "शिपाई. ते बर्फाचं हुतं, हिचं त्या मानानं पोरखेळ. पर येडेपणा योकच."

मग अर्जुन हसला. आधी एकटा, मग त्याच्याबरोबर सगळे. "शेकलेला हवालदार!" कोणीतरी म्हणालं, आणि शेकोटीभोवतीची माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चार वर्षं ज्यांना येसाजीनं मातीच्या मोलाचं मानलं होतं, त्यांना त्याचा हिशेब एकाच दिवशी चुकता करायला मिळत होता. तो मान खाली घालून मोजा चढवत राहिला. मोज्याला टाच सापडत नव्हती.

हसला नाही तो फक्त झिलू.

"हसू नगासा," म्हातारा म्हणाला. "येसाजी, म्या ह्यो रोग घरात बगितलाय. माजा धाकला भाऊ. त्याला म्याच रानात खोप बांधून दिली. त्येच्या हाताला निखारा लागला तरी कळायचं न्हाई."

"गावकार," फुला अंगणाच्या कडेवरून म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. "निखारा लागला तरी कळायचं न्हाई?"

"न्हाई, पोरी. कातड्याचा वास यायचा तवा कळायचं."

फुलानं पदराची पीन काढली. सगळ्यांसमोर चालत ओसरीपाशी आली आणि ती झिलूपुढं धरली. "टोचा. मी डोळं मिटती. कुटल्या बोटाला टोचलासा ते सांगती."

झिलूनं पीन घेतली. हात पुढं करायला त्याला वेळ लागला. मग त्यानं सुजलेल्या मधल्या बोटाला पीन टेकवली.

"मदलं. डावं," फुला म्हणाली. "करंगळी. अंगठा. ह्या खेपंला टोचलाच न्हाईसा, नुसतं हात लावलासा. आई गं! आता मातूर लई टोचलासा."

म्हाताऱ्यानं पीन खाली ठेवली आणि तिच्या बोटाकडं बघत राहिला. एक रक्ताचा थेंब आला होता. "हिला समदं कळतंय," तो म्हणाला. "माज्या भावाला कळत न्हवतं. सुप्याच्या डाक्टराला दाकवा. तो सांगंल तवर कुणी हिला वाडीभायेर काडू नगासा."

रुक्मिणीनं तोंड उघडलं. तेवढ्यात परशू म्हणाला, "मी न्हेतो." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुठल्या पायावर उठू हे विचारलं नाही. येसाजीला मात्र त्याचं कौतुक वाटलं नाही. दहा माणसांनी आधी वाट साफ केल्यावर बैलही चालतो.

लाकडाच्या ट्रकमधून फुला, परशू आणि येसाजी अशी तिघं सुप्याला गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं फुलाची बोटं उलटीपालटी करून बघितली, मनगटाची नाडी बघितली, पाठीवर आणि हातांवर कुठं बधिर चट्टा आहे का ते कापसानं तपासलं. "थंडीचा त्रास आहे हा," तो म्हणाला. "पण हे जाळलं कुणी?" परशू भिंतीकडं बघू लागला. डॉक्टरनं जखमांना मलम दिलं, घट्ट बांधू नका, सैल पट्टी ठेवा म्हणाला, आणि येसाजीनं जे सांगितलं होतं जवळजवळ तेच सांगितलं. निघताना फुलानं त्याला झिलूच्या भावाबद्दल विचारलं. "त्याही रोगाला आता गोळ्या निघाल्यात," डॉक्टर म्हणाला. "वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, पण माणूस रानात नेऊन टाकायचं काही कारण नाही. आणा त्याला."

ते फुलानंच परत येऊन झिलूला सांगितलं. भाऊ सहा वर्षांपूर्वीच त्या खोपीत वारला होता. झिलूनं ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाला, आणि त्या दिवसानंतर कोणाच्या दुखण्याला नाव द्यायला तो बसला नाही. सरळ सुप्याची वाट दाखवायचा.

फुलाचं अंथरूण घरात आलं. येसाजीनं पेटीतले पलटणीचे लोकरी मोजे काढून पडवीच्या पायरीवर ठेवले. तिनं ते दोन दिवस तिथंच पडू दिले, तिसऱ्या दिवशी उचलले. दोन आठवड्यांत जांभळा रंग उतरला, कातडी सालपटासारखी निघाली, महिनाअखेर जखमा भरल्या. डाव्या मधल्या बोटाचं टोक मात्र बिब्ब्यानं आखडलं ते आखडलंच.

बरी झाल्यावर फुला बदलली. म्हणजे वाडी तसं म्हणायची. वायंगणाची राहिलेली लावणी ऊन वाफ्यात उतरल्याशिवाय करायची नाही, असं तिनं सासूला सांगितलं. चिखल परशूनं पहाटे करावा; रोप दहानंतर लावलं म्हणून काही रुसत नाही. वाफ्याच्या बांधावर ती कोरडं लुगडं आणि जुन्या घोंगडीचा तुकडा ठेवायची, बाहेर आल्या आल्या हात-पाय टिपायची, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग चालत घरी, उड्या मारत नव्हे, पण झपाझप. चुलीपासून हातभर लांब बसायची, अंग पांघरून.

बायकांनी आधी नाकं मुरडली. मग एकेक जण येऊ लागली. त्या पौषात खाज काही एकट्या फुलालाच सुटली नव्हती. बाकीच्यांनी फक्त लपवली होती. पारू आली, ताक नको म्हणणारी, पायाच्या लाल करंगळ्या घेऊन.

"गुबारा बरा हाय का गं?" फुलानं विचारलं. पारूचं तोंड पडलं. मग फुलानं तिला सगळं सांगितलं, दोनदा, नीट, आणि परत म्हणवून घेतलं.

येसाजीला वाडी आता शेकलेला हवालदारच म्हणायची. पाणवठ्यावरून गेला की मागं खुसखुस व्हायची. तो ऐकायचा. उत्तरं त्याला सुचायची, पूर्वीपेक्षा जास्त सुचायची; पण ओठापर्यंत आली की त्याला मोज्यात न सापडणारी ती टाच आठवायची. वाडी त्याच्या मते होती तशीच मूर्ख होती. फक्त त्यांच्यात आणि आपल्यात तो पूर्वी जेवढं अंतर धरायचा तेवढं आता धरता येत नव्हतं.

माघ संपत आला असताना एका सकाळी त्यानं रुक्मिणीला चुलीपुढं बसलेलं बघितलं. परड्यातली कामं आवरून आली होती, पाय ओले, आणि सरळ निखाऱ्यावर धरलेले. तिच्या उजव्या पायाची दोन बोटं लाल दिसत होती.

येसाजी उंबऱ्यात थांबला. "वैनी," तो म्हणाला, "येवढी घरात सून भाजून झाली, अजून तुमाला..."

"मामंजी, तुमी नगा सांगू," फुला आतून म्हणाली. ती पीठ मळत होती. "तुमी सांगितलं की माणसं मुद्दाम उलटं करत्यात. जावा तुमी, विडी वडा जावा भायेर."

रुक्मिणीनं तेवढ्यासाठी पाय आणखी आत सारलेच होते.

फुलानं हात धुतले, पुसले, खुंटीवरचं कोरडं फडकं घेतलं आणि सासूसमोर बसली. "अत्ती, पाय हिकडं द्या," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती. बिब्बा ती विसरली नव्हती आणि विसरणारही नव्हती. रुक्मिणी बडबडत राहिली, कालच्या पोरी, दोन बुकं न शिकता डाक्टरीण झाली, असलं बरंच. पण पाय तिनं दिला. फुलानं तो मांडीवर घेतला आणि एकेक बोट वेगळं करून टिपायला लागली.

येसाजी बाहेर पडवीत जाऊन बसला. धुकं अजून उतरलं नव्हतं. विडी पेटवायला काडी काढली, ती ओली निघाली. दुसरी काढली, तीही. त्यानं सरकारला, काडेपेटीला आणि सुप्याच्या हवेला एकेक शिवी दिली, आणि आत सासूसुनेचं काय चाललंय ते ऐकत बसला.